साक्षीचे मिनिट

डॉक्टरांनी द्वारकाबाईंच्या मानेवर गार पट्टी चिकटवली. त्यांच्या मानेची स्वतःची जाणीव मिनिटभर बंद होऊन तिथे सुनेचे, यमुनेचे, बारा वर्षांचे दुखणे उतरणार होते. साक्षीदाराला ते असह्य झाले, तरच उपचार मंजूर होई.

“जन्मभर मीही पैठणीच विणली,” द्वारकाबाई पुटपुटल्या. “हिचीच मेली नाटकं!”

बटण दाबले गेले. यमुनेची मान पिसासारखी हलकी झाली, आणि हे सुख मिनिटभराचेच ठरेल या भीतीने ती मान हलवायलाही धजेना. सासूबाई ताठ बसून होत्या. ना कण्हल्या, ना खांदा चोळला.

“अहो, सुरू करा की!” त्या वैतागल्या. “रोजच्यासारखीच तर दुखतेय.”

“सुरू होऊन पाऊण मिनिट झालं, आजी.”

डॉक्टरांनी अर्जावर ‘सह्य’ असे लिहिले आणि पट्टी काढली. यमुनेच्या मानेत जुनी कळ पुन्हा शिरली. ती सासूबाईंकडे पाहत राहिली. मागावर वाकलेली त्यांची पाठ तिने रोज पाहिली होती. विचारले मात्र कधीच नव्हते.

“सासूबाईंचा अर्ज भरून घ्या,” ती म्हणाली. “साक्षीला मी बसते. मला ते सोसणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.”