थोरली

"तुमच्यातली आधी लग्न झालेली कोण?" आकाराम उपदेशकांनी विचारलं.

दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. विठाबाई चाळिशीची, हाडापेरानं मोठी. तानाबाई पंचविशीची. दोन्ही मुली तानाबाईच्या, पण धाकटी झोपली होती ती विठाबाईच्या मांडीवर. दोघींचा नवरा गुंडू दाराशी उभा होता. तो कोल्हापुरात मिशनच्या बागेत माळीकाम करायचा.

गुंडूला बाप्तिस्मा हवा होता. महाराज गादीवर आल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, प्लेगचा सुमार. गावाबाहेरच्या झोपड्यांत मिशनच्या लोकांनी त्याच्या मुलींना जगवलं होतं. तेव्हापासून तो दर रविवारी मिशनच्या देवळात येऊन मागे बसे. पण पाद्रीसाहेबांचा नियम पक्का होता. एका पुरुषाला एकच बायको. जिला पहिला शब्द दिला ती राहील, दुसरीनं वेगळं व्हावं.

आकारामांनी हा नियम कितीदा तरी उपदेशात सांगितला होता. आज दोन बायका प्रत्यक्ष समोर बसल्या होत्या.

"ही थोरली," विठाबाईनं तानाबाईकडं बोट केलं. "हिचं लगीन हळदीचं. मी मागनं आले. पाटाची हाय मी."

"पण तुम्ही वयानं..."

"पयला नवरा मेल्याव बाई पाट लावून येती, ती काय कवळी असती व्हय, मास्तर?"

"आक्का!" तानाबाई एकदम म्हणाली.

"तू गप. पोर उठंल."

"गुंडू, हे खरं का?"

गुंडूनं मान हलवली. आडवी की उभी, ते आकारामांना नीट कळलं नाही. त्यांनी होय धरलं.

तरी त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. गुंडूचं कुटुंब मूळ पेठ वडगावचं. मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करणारी चिमणाबाईही तिथलीच. दुसऱ्या दिवशी ते तिच्याकडं गेले.

"गुंडूची पहिली बायको कोण, चिमणाबाई?"

चिमणाबाईचा झाडू थांबला. "विठाबाई काय म्हणाली?"

"तानाबाई पहिली, म्हणाली."

ती परत झाडू लागली. "मग झालं की. तिच्यापरीस मला जास्त ठावं हाय व्हय?"

वाकताना तिच्या गळ्यात चांदीचा लहानसा टाक लोंबला. त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं होतं.

"हे काय? देवी?"

"देवी कशाची! माझी सवत ही. मी यायच्या आदीच मेली. पयली मेली की मागनं आलेलीनं तिचा टाक गळ्यात घालायचा."

"आणि मागून आलेली आधी मेली तर?"

"तर काय न्हाय. थोरली कशाला घालील धाकटीचा टाक?" ती हसली. "तुमच्या सायबाला सांगा, आमच्यात पयलीचा मान मेल्याव बी ऱ्हातो."

"हा भ्रम आहे. बाप्तिस्म्याआधी काढावा लागेल."

"बघू," चिमणाबाई म्हणाली.

आठ दिवसांनी विठाबाईचा भाऊ नेसरीहून बैलगाडी घेऊन आला. आकाराम साक्षीला हजर होते. विठाबाईचं गाठोडं एवढंसं होतं. ती तानाबाईला सांगत होती, "ह्यास्नी शिळी भाकरी चालत न्हाय, पोट फुगतंय. आन् डावा पाय थंडीत ठणकतोय. ल्हानपणी आंब्यावरनं पडल्यालं. एरंडेल लाव, पण कोमट करून."

तानाबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. धाकटी पोर विठाबाईच्या गळ्याला मिठी मारून होती. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते काम विठाबाईनंच केलं.

"तुम्ही का रडता?" आकाराम तानाबाईला हळूच म्हणाले. "तुमचं घर तर राहिलं."

तानाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांनी नजर वळवली.

गुंडू गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेला. परत आल्यावर दिवसभर त्यानं वाफे खणले. जिथं काही लावायचं नव्हतं तिथंही खणले.

पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा झाला, आणि देवळात गुंडू व तानाबाईला पुन्हा शपथ दिली. आकारामांनी शब्द सांगायचे, गुंडूनं मागून म्हणायचे. "मरण आम्हाला वेगळं करीपर्यंत" इथं गुंडू अडला. आकारामांनी ते शब्द तीनदा सांगितले, तेव्हा कुठं तो म्हणाला.

त्यानंतर लग्नाचा विषय आला की आकाराम गुंडूचा दाखला देत. आयुष्यात आपल्या हातून फारसं काही नीट झालं नाही, असं त्यांना वाटे. पण एका माणसाकडून त्याचा पहिला शब्द आपण पाळून घेतला, एवढं एक समाधान होतं.

अशी चार वर्षं गेली. एका शुक्रवारी विठाबाईचा भाऊ पायी आला. विठाबाई प्लेगनं गेली होती.

त्याच रविवारी देवळात एका तरुण जोडप्याचं लग्न होतं. आकाराम व्यासपीठावर उभे राहिले. गुंडू नेहमीच्या जागी दिसला नाही. तरी त्यांनी त्याचाच दाखला दिला. "देवासमोर दिलेला पहिला शब्द," ते म्हणाले, "आपल्यातल्याच एका भावानं किती जड जात असतानाही पाळला."

बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. चिमणाबाईनं मान खाली घातली. तिच्या शेजारी तानाबाई बसली होती. धाकटी पोर पेंगून तिच्या अंगावर कलंडली. तिला मांडीवर घ्यायला तानाबाई वाकली, तसा डोईवरचा पदर सरकला, आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा नवाकोरा टाक लोंबला.