सुकेळ्यांचं पुडकं

प्रोफेसरानं दोन वर्षं पत्रांवर पत्रं लिहायची, ‘प्रिय हिलरी’ म्हणून गोंजारायचं, आणि पोरानं खरी मोलाची गोष्ट कळवली की मुकं व्हायचं, ही कुठली रीत? हिलरीच्या आईची, क्लेमेंटीनबायची, शाळा दुसरीतच सुटली होती. पण माणूस ओळखायला तिला पाटी-पेन्सिल लागत नव्हती.

गिरीज गावातल्या आपल्या वाडीत, विहिरीच्या कठड्यावर दुर्बीण टेकवून हिलरीनं तीन हिवाळे एकच तारा पाहिला. तो ठरावीक दिवसांनी मंदावतो, म्हणजे त्याला न दिसणारा जोडीदार आहे, हे त्यानं मुंबईच्या प्रोफेसरांना आकड्यांनिशी कळवलं. सात महिन्यांनी तेच छापून आलं, प्रोफेसरांच्या एकट्याच्या नावावर. हिलरीनं विचारलं, तर उत्तर दीड ओळीचं: तुमचं ते टपाल मला मिळालंच नाही.

आज चर्चच्या हॉलमध्ये त्याच ताऱ्यावर त्यांचं व्याख्यान होतं. त्याआधी फादर ॲन्सेल्म त्यांना चहाला घेऊन आले. निरोप बायनंच धाडला होता, वर्षभराचा डूख पदराखाली झाकून.

“आई, वाद नको,” हिलरी चुलीपाशी येऊन पुटपुटला.

“वाद कुठला? पाहुण्याला खायला घालतेय.”

तिनं बशीत सुकेळी मांडली. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी तांबूस. प्रोफेसरांनी एक खाल्लं, दुसरं उचललं.

“वा, बाई! तीच चव. मागं हिलरीनं पाठवलेली, तेव्हा शेवटच्या सुकेळ्यावरून आमच्या घरात भांडण झालं होतं.”

हिलरीचा कप ओठांशीच थांबला.

“एकदाच पाठवली होती,” बाय म्हणाली. “पुडकं मी बांधलं. वरून केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, आत सुकेळी, आणि सुकेळ्यांच्या मधोमध ह्याचं पत्र. सुकेळी पोचली नि पत्र तेवढं वाटेत उतरलं?”

“म्हणजे... घरात कोणीतरी उघडलं असेल...”

फादर खिडकीतून केळी बघू लागले.

“पाणी प्या, घास अडकेल,” बायनं तांब्या पुढं सरकवला. “चोर तर चोर, वर शिरजोर! तो न दिसणारा जोडीदार शोधायला तुम्हांला दुर्बीण लागली नाही, माझ्या पोराचं पत्र पुरलं. आता व्याख्यानात त्याचं नाव घ्या. मी पहिल्याच बाकावर बसणाराय, अस्संच एक पुडकं मांडीवर घेऊन.”