हातातला जोर

गाडी दोराने ओढत आणली होती. पुढचा दिवा फुटलेला, बंपरला भिंतीचा रंग लागलेला. गाडीच्या मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, मनगटाला प्लॅस्टर घालून गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा उभ्याउभ्याच सांगत होता, चालण्याइतकी करून द्या, मग विकूनच टाकतो. आईला आता गाडी झेपत नाही. वळणावर स्टिअरिंग फिरवायला हातात जोर राहिला नाही, म्हणून तर गाडी फुटपाथवर चढून भिंतीला धडकली.

"तसंच झालं," बाई खाली बघत म्हणाल्या. "फिरवत होते, पण फिरेचना."

थोरल्याने मान डोलावली. गॅरेज त्याचं आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं. पण गिऱ्हाइकाशी बोलायचं ते त्यानेच. वय झालं की व्हायचंच असं, तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मनाला लावून घेऊ नका, थोडक्यात निभावलं.

धाकटी तेव्हा बॉनेटखाली वाकली होती. स्टिअरिंग हलकं ठेवणाऱ्या पंपाचा बेल्ट जागेवर नव्हता, त्याच्या चिंध्या खाली अडकल्या होत्या. तिने एकेक ओढून काढली. एकीच्या कडेला दाताने तोडावा तसा लचका होता आणि पुलीच्या काठावर पात्याचा चकचकीत ओरखडा.

तीन आठवड्यांपूर्वी हा बेल्ट थोरल्यानेच बसवला होता. असल्या बेल्टला ढिला करून चढवायची सोय नसते. तो ताणूनच पुलीवर घालावा लागतो. त्यासाठी पंजासारखं एक वाकडं हत्यार मिळतं. ते पुलीला लावायचं, बेल्ट त्यावर टेकवायचा आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं. बेल्ट आपसूक चढतो. धाकटीने ते हौसेने मागवलं होतं. देवाने हात दिलेत, खेळणी कशाला, असं म्हणून थोरल्याने ते खणात टाकलं आणि नेहमीसारखा मोठा स्क्रू ड्रायव्हर खुपसून बेल्ट चढवला.

धाकटीचं डोकं सणकलं. चिंधी दोन बोटांत धरून तिने भावाकडे पाहिलं. त्याला कळायचं ते कळलं. जवळ येऊन तो हलकेच म्हणाला की मालच खराब आला असेल, जे काय बोलायचं ते घरी बोलू.

घरी म्हणजे आईसमोर. आणि आईसमोर थोरला आजवर कधी चुकलाच नव्हता.

ती चिंधी घेऊन सरळ बाकाकडे गेली.

"बाई, तुमच्या हातांचा काही दोष नाही. हा बेल्ट गेला की स्टिअरिंग पैलवानालाही जड जातं. आणि बेल्ट बसवतानाच बिघडवला होता. आमच्या दादाने."

मुलगा घसा खाकरून म्हणाला, तरीपण वयाचा भाग असतोच. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिंधी हातात घेऊन त्यांनी तो लचका अंगठ्याने चाचपला, मग थोरल्याकडे वळल्या.

"चार दिवस मी या हातांना शिव्या देतेय. आणि तुम्ही मघाशी मला वयाची समजूत घालत होतात."

आवाज चढला नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका स्वच्छ मात्र होता.

धाकटीने नवा बेल्ट आणला, खणातलं हत्यार आणलं. त्याचं वेष्टनही कुणी फोडलं नव्हतं. ते तिने टराटरा फाडलं. आतला कागद खाली पडणार, तोच बाईंनी तो मागून घेतला, चष्मा सारखा केला आणि त्यावरची चित्रं एकेक करून पाहिली.

"तू नको," त्या धाकटीला म्हणाल्या. "यांना बसवू दे."

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. तिने हत्यार आणि पाना त्याच्यापुढे ठेवला आणि हाताची घडी घातली.

तो वाकला. बाई उठून त्याच्या खांद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पंजा पुलीवर बसेना. त्याने जोर लावला. बसेना, म्हणून आणखी जोर लावला.

"उलटं धरलंय," बाई म्हणाल्या.