ताटाची डावी बाजू

देवसिंगचं ताट रोज धुतल्यासारखं रिकामं परत जात होतं, आणि देवसिंग मात्र रोज थोडा थोडा खंगत होता. कोकिळा सिस्टरला हे कोडं काही सुटेना.

लकव्याचा झटका येऊन आज पाचवा दिवस. घाटंजीकडच्या तांड्यावरून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डावा हात आणि डावा पाय लुळा पडलेला होता. जीभ जड झालेली, तरी बोलणं कळत होतं. चमच्याचमच्याने पाणी पाजून, घास नीट गिळता येतो याची खात्री कोकिळाने स्वतः केली होती. तेव्हापासून वरणात भिजवलेली भाकर सुरू होती. उजव्या हाताने तो आपलं आपण खायचा.

"जेवतो म्हणता, मग अंगात जोर का नाही?" सकाळी डॉक्टर म्हणाले होते. "आजचा दिवस पाहू. उद्या नाकातून नळी घालू."

ते ऐकून त्याच्या बायकोने, जमनीने, पदर तोंडाला लावला. दवाखान्यात नाकात नळी घातलेलं माणूस तांड्यावर परत आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

दुपारचं जेवण आलं. वॉर्डात पंचवीस पेशंट आणि सिस्टर दोन, त्यात एकाच्या ताटाशी उभं राहायला कोणाला वेळ असतो! कागदावर 'जेवण पूर्ण' असं कोकिळानेच दोनदा लिहिलं होतं, रिकामं ताट पाहून. आज मात्र ती हटली नाही. पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी राहिली.

देवसिंग भराभर जेवला, आणि अचानक थांबला. ताटाची उजवी बाजू लख्ख झाली होती. डावीकडच्या भाकरीला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

डाव्या बाजूला स्टुलावर बसलेल्या जमनीने गुपचूप ताट आपल्याकडे ओढलं आणि घास उचलला.

"मावशी! तुमी काहून खाता त्यांचं?"

जमनी लाजली. सत्तरीची बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली.

"त्यायचं नाई वो बाई, माह्या वाट्याचं हाये. तांड्यावर आमी एकाच ताटात जेवतो. आधी थे जेवते, मंग माही अर्धी भाकर ठेवते. आजपर्यंत कधी चुकले नाई." मग तिचा आवाज उतरला. "इथं आल्यापासून थे माह्याइकडे पाहून नाई राह्यले. पह्यल्या दिवशी मी हाक मारली, त त्यायनं तोंड तिकडे फिरवलं. कायचा राग हाये देव जाणे. म्या बी मंग हाक मारली नाई. पण भाकर ठेवते ना रोज! लेकानं टिफिन आणला तरी मी हेच खातो."

 कोकिळाचं कोडं सुटलं होतं, पण ते हिला सांगायचं कसं? पाच दिवस ही बाई त्या अर्ध्या भाकरीवर जगत होती, आणि ती नुसती पोटासाठी नव्हे.

पण उद्या नळी होती. ताट परत देवसिंगच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "बाबा, भाकर हाये का अजून?"

देवसिंगने ताटात पाहिलं. "संपली."

जमनीच्या हातातला घास हातातच राहिला.

"मावशी, राग नाई त्यायले," कोकिळा तिच्याजवळ वाकून म्हणाली. "डोळे बी चांगले हायेत. पण झटक्यानं डोकं डाव्या बाजूले इसरून गेलं. डावीकडचं ताट, डावीकडचं माणूस, डावीकडची हाक, कशाचीच त्यायले याद नाई राह्यली. हळूहळू शिकवू आपण."

जमनीने ताटाकडे पाहिलं.

"म्हणजे थे माह्यासाठी ठेवलेली नोयती."

कोकिळाला खोटं बोलता आलं असतं. तिने नुसती नकाराची मान हलवली.

जमनीने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने ताट फिरवलं. डावीकडची भाकर उजवीकडे आली.

देवसिंगचा चेहरा उजळला. तो पुन्हा जेवायला लागला. चार घास, पाच घास. आणि पुन्हा थांबला. या वेळी भाकर त्याच्या डोळ्यांपुढे होती, चांगली दिसत होती.

"खा ना बाबा," कोकिळा म्हणाली. "पोट भरलं का?"

"नाई." त्याने मान हलवली. "रोज अर्धंच ताट देत होत्या तुमी. त्यात तिले काय ठेवू? आज जरा बरं देल्लं." त्याने ताट उजवीकडे सरकवलं, जिथे कोणीच नव्हतं. मग त्या रिकाम्या जागेकडे पाहत विचारलं, "सिस्टर, पाच दिवस झाले, जमनी दिसून नाई राह्यली. कुठी गेली थे?"

घरच्या माणसाने डावीकडेच बसावं, डावीकडूनच हाक मारावी, म्हणजे पेशंटची सवय परत येते, हे कोकिळाला आज शिकवायचंच होतं. ते तिने उद्यावर टाकलं आणि आणखी एक ताट आणायला गेली.

जमनी उठली. स्टूल उचललं, पलंगाला वळसा घातला आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि आपल्या वाट्याची भाकर खायला लागली.