धाकटीचा मान

मटणाचा रस्सा वाढून झाला आणि जेवायला आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी घसा खाकरला. सुवार्ताच्या सासऱ्यांनी, आबांनी, हात वर करून त्यांना थांबवलं.

"आमच्याकडं जेवणाआधीची प्रार्थना घरातलं सगळ्यात धाकटं माणूस करतं, साहेब. माझ्या आज्यापासूनचा नेम आहे."

सुवार्ताच्या हातातली भाकरी हातातच राहिली. घरात सगळ्यात धाकटी तिची लेक शलोमी, आणि शलोमीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. म्हणून आजवर तिला वगळून थोरल्या जावेचा अमोस प्रार्थना म्हणायचा. सुवार्ता खालमानेनं 'आमेन' म्हणायची आणि घास गिळायची. आत्ताही अमोसनं हात जोडलेच होते.

"तू नाही रे," म्हणत आबांनी शलोमीच्या खांद्यावर थोपटलं आणि तिच्याकडं बघून हात जोडून दाखवले.

पोर पाटावर ताठ बसली. शाळेत शिकलेल्या आणि काही स्वतःच्या खुणांनी तिचे हात बोलू लागले. तिनं हवेत भाकरी थापली, विहिरीचं पाणी शेंदलं, आबांच्या मिशीला पीळ दिला, आईच्या कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही तळवे वर नेले. सुवार्ताची मान कधी वर झाली, तिचं तिलाच कळलं नाही.

पाळकसाहेब मात्र अजून डोळे मिटून शब्दांची वाट बघत होते. आबांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"डोळे उघडा, साहेब. प्रार्थना चाललीय."