कासवाच्या पाठीवरचा मन्सूर

"पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या," मन्नूबियामावशी म्हणाली. "ही गोष्ट आजवर कुणाला पटलेली नाही, तुम्हालाही पटणार नाही. पण शाद्लियाचा जन्म या हमामातला. तुम्ही बूड टेकून बसलायत ना, त्याच दगडावरचा. आणि पोरगी पहिल्यांदा रडली ती अशी, की घुमटाला तडा गेला. बघा वर."

न्हायला जमलेल्या बायकांनी वर पाहिलं. तडा होता. तो भूकंपाने गेला की गवंड्याच्या कर्तबगारीने, याबद्दल महदिया गावात दोन मतं होती. मावशीचं हे तिसरं.

आज तिला बोलायला जोरच आला होता. शाद्लिया गर्बी, याच गावच्या कोळ्याची मुलगी, अरबी कादंबरीचा सगळ्यात मोठा मान मिळवून घरी आली होती. तिची पुस्तकं पार चीनपर्यंत वाचली जात. संध्याकाळी बंदरावर मंत्र्यांच्या हस्ते सत्कार होता. पण बायकांनी ठरवलं, आधी मान आपला. लग्नाआधी नवरीला वाजतगाजत हमामात आणतात, तसंच साठी उलटलेल्या शाद्लियाला आणायचं. मेणबत्त्या, मेंदी, संत्र्यांच्या टोपल्या, सगळा थाट मांडून झाला होता.

मावशी वरवर फुशारत होती. आतून तिचं पाणी पाणी झालं होतं.

तिचं काम बायकांचं अंग घासायचं. पण गुरुवारी बायका तिच्यापुढे नंबर लावत ते गोष्टीसाठी. वाफेत पुस्तकाचा लगदा होतो, म्हणून शाद्लियाच्या कादंबऱ्या इथे मावशीच्या तोंडून चालत. त्यातली एक सगळ्यांची लाडकी. मन्सूरची. समुद्राच्या तळातून स्पंज काढणारा मन्सूर पुस्तकात बुडून मरतो. शेवटच्या पानावर त्याची बायको त्याचा सदरा वाळत घालते, आणि संपलं.

मावशीचा मन्सूर परत येतो.

त्याला कारण मबरूका. गोष्ट पहिल्यांदा रंगली त्या दिवशी ती अवघडलेल्या पोटाने समोर बसली होती, आणि तिच्या नवऱ्याची होडी परतायची राहिली होती. मन्सूरला बुडवायला मावशीची जीभ वळेना. तिने त्याच्या हाताशी एक फळी दिली आणि त्याला किनाऱ्याला लावलं. मबरूकाचा नवरा काही आला नाही. मुलगा झाला. तिने त्याचं नाव मन्सूर ठेवलं. आता तो मन्सूर स्वतःची होडी घेऊन समुद्रात जातो, आणि मबरूका दर गुरुवारी थंड पाण्याच्या नळाशी बसून, चकार शब्द न काढता, गोष्ट ऐकते. फळी वर्षागणिक वाढत गेली. यंदा तिचं कासव झालं होतं.

आणि आज जिने मन्सूरला बुडवला ती बाई येणार होती, आणि मबरूका नळाशी बसली होती.

खडावांचा खडखडाट झाला. डफ वाजला. बायकांनी जिभा हलवून अशा किलकाऱ्या मारल्या की मावशीचा तडा हातभर लांबला असावा. पट्ट्यापट्ट्यांचा पंचा गुंडाळलेली शाद्लिया आत आली, लाजून लाल झालेली. तिला दगडावर पालथी निजवली. मावशीने खरखरीत हातमोजा चढवला.

"चीनमध्ये अंग घासत नाहीत वाटतं," ती म्हणाली. "केवढा मळ आणलायस पोरी."

बायका हसल्या. शाद्लियाही हसली. मावशीला वाटलं, निभावलं. तेवढ्यात औषधवाल्याची नवी सून, गोष्ट फक्त मावशीकडूनच ऐकलेली रीम, संत्रं सोलता सोलता म्हणाली, "शाद्लियाताई, एक विचारू? ते कासव कसं हो सुचलं तुम्हाला?"

मोजा पाठीच्या कण्यावर थांबला.

"कुठलं कासव?" शाद्लिया म्हणाली.

"मन्सूरला घेऊन येतं ते."

घुमटावरून एक थेंब पडला. नळाशी मबरूकाने मान वर केली. मावशीने घाईघाईने शाद्लियाचं डोकं दाबून धरलं आणि मानेवर अंगाला लावायची चांगली मूठभर माती चोपडली, पण शाद्लिया तिच्या हाताखालून सुटून कोपरावर उठली. तिने मावशीकडे पाहिलं. मावशी आता नुसता दगडच घासत होती.

"हां, ते कासव," शाद्लिया सावकाश म्हणाली. "ते सुचलेलं नाही गं. पाहिलेलं आहे. या हमामची भट्टी जैतुनाच्या बियांवर चालते ना? तो धूर समुद्रावर जातो. कासवाला त्याचा वास लागला आणि ते नाकासमोर चालत सरळ बंदरात आलं. मन्सूर पाठीवर मांडी घालून सिगारेट ओढत होता. मी जसंच्या तसं लिहून काढलं. शेवटचं पान काढून बघा."

सगळी हयात मावशीने त्या भट्टीचा धूर खाल्ला होता. धूर तिलाही सुचला नव्हता.

"खोटं," नळाकडून आवाज आला.

मबरूका उठली होती. हातात पितळी तांब्या होता.

"पुस्तकात तो बुडतो, शाद्लियाताई. सदरा वाळत असतो. माझ्या उशाशी आहे ते पुस्तक. या सगळ्यांच्या घरात आहे." तिने तांब्याभर कोमट पाणी शाद्लियाच्या मानेवरच्या मातीवर ओतलं आणि तिच्या शेजारी दगडावर टेकली. "तुम्ही आता गप पडून राहा. मावशी, तू सांग. कासवाला धुराचा वास लागला. मग?"