आडवा अक्ष

"ग्राफ म्हणजे डोंगराचं चित्र नव्हे, क्लेअर," आयरिनबाई फोनवर म्हणाल्या. "रेघ सपाट झाली म्हणजे गाडी थांबली. कुठे थांबली, ते रेघेची उंची सांगते."

चौतीस वर्षं फिजिक्स शिकवून बाई आता उत्तनच्या घरी एकट्याच राहत होत्या. नात क्लेअर जेसल पार्कला आईबापाकडे, नववीत. तिला प्रोजेक्टसाठी दर रविवारी पपाच्या गाडीचं घरापासूनचं अंतर पाच-पाच मिनिटांनी लिहायचं होतं. या शिकवणीवर बाईंचा फार जीव. डोकं शाबूत असल्याचा तेवढाच पुरावा उरला होता.

मुलाचं, मॅक्सवेलचं, म्हणणं वेगळं होतं. मम्मी विसरते, तिला एकटं ठेवणं बरं नाही, वसईकडच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. बाईंनी त्याला दोनदा उडवून लावलं होतं, पण मनात धाकधूक होतीच. चर्चमधली रविवारची सकाळी आठची मिस्सा त्यांनी कधी चुकवली नव्हती; गायला कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभ्या असत. हल्ली मात्र देवळातून परत आलं की घरात काहीतरी भलतंच सापडे. औषधांची डबी तांदळात. कपाटाची चावी फ्रीजमध्ये. हे त्यांनी भाबडेपणाने मॅक्सवेललाच सांगितलं होतं.

सोमवारी त्याने फोनवर हळूच विचारलं, "काल दुपारी आलो होतो ना आम्ही? तासभर बसलो. तेपण विसरलीस, मम्मी?"

बाई हबकल्या. काल दुपारी त्या एकट्याच जेवल्या होत्या. बोंबलाचं कालवण उरलं होतं. चिडल्या की त्यांच्या तोंडी गावची बोली येई. "न्हाय आला तू. माझ्या पक्कं ध्यानात हाय."

"मग क्लेअरचा ग्राफ बघ," तो म्हणाला.

बाईंनी लगेच ग्राफ मागवला. माणूस खोटं बोलेल, रीडिंग बोलणार नाही, हे त्यांनी पोरांच्या कितीतरी बॅचेसच्या डोक्यात ठोकून घातलं होतं. फोटो आला. रेघ चढत चढत नऊ किलोमीटरवर पोचली होती आणि तिथे तासभर सपाट. जेसल पार्क ते त्यांचं दार बरोबर नऊ किलोमीटर.

त्यांनी क्लेअरला फोन लावला. गाडी तासभर कुठे उभी होती, असं जमेल तितक्या सहज विचारलं.

"तुझ्याच घरासमोर, ग्रॅनी. पपा आत होते. मी गाडीतच रीडिंग लिहीत होते."

बाईंनी ग्राफचा फोटो पुन्हा एकदा बघितला. पुढे विचारायची हिंमत झाली नाही. आपण विसरलो हे निदान नातीला तरी कळू नये.

"हो, आठवलं," त्या म्हणाल्या. आणि जुन्या सवयीने पुढे, "आडव्या अक्षावर नुसती मिनिटं लिहिलीस. घड्याळातली वेळ कुठाय? एक मार्क कापला."

शनिवारी मॅक्सवेल त्यांना आश्रमात न्यायला गाडी घेऊन आला. बाईंनी रडारड केली नाही. दाराला कुलूप लावून चावी त्याच्यापुढे धरली.

"ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरी आहे."

आश्रमातल्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. क्लेअरने ग्राफ दुरुस्त करून पाठवला होता, कापलेला मार्क परत दे म्हणून. बाईंनी चष्मा लावला. रेघ तीच होती, उंची तीच. फक्त सपाट तुकड्याखाली तिने सुबक अक्षरांत वेळ लिहिली होती: सकाळी आठ ते नऊ.